मिकोलाचा चाळिसावा

१६ एप्रिल, शनिवार

पोचलो एकदाचे. नऊ तास गाडीत बसून पाय सुजून टम्म झालेत. सिरेतच्या सीमेपासून सहा किलोमीटरवर शेतकी शाळेचं जुनं वसतिगृह आहे, तिथे लढाईमुळे युक्रेनमधून आलेली माणसं उतरवून घेतली आहेत. कुणी दोन रात्री राहून पुढे जातं, कुणी महिनाभर अडकून पडलंय. आमच्या बाप्टिस्ट मंडळीतून आम्ही पाच जण दोन आठवड्यांसाठी सेवेला आलो आहोत. पुढारी तेओफिलभाऊ, वय चौतीस. त्याची आई बाळंतपणात आजारी होती तेव्हा याचे लंगोट मी धुतलेत. पण आता तो मंडळीच्या वडीलजनांतला, कारभाऱ्यांतला आहे, म्हणून मी त्याला भाऊ म्हणते आणि अहो-जाहो करते.

मला घेतलं ते भाषेमुळे. आम्ही मारामुरेशच्या डोंगरातले, राज्य रुमानियाचं पण चुलीपुढे बोलायचं ते युक्रेनी. शिवाय शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं काढली, तेव्हा इथलंही स्वयंपाकघर गळ्यात पडलंच. मला तेच हवं होतं.

खरं कारण लिहिते. पन्नास वर्षं मी मंडळीत आहे आणि माझ्या साक्षीने एकही माणूस प्रभूकडे आलेला नाही. व्हासिलला धरत नाही, तो माझ्याशी लग्न करायचं म्हणून आला. या खेपेस पाच मिनिटांची साक्ष, प्रभूने मला कसं तारलं ते, घोकून आणली आहे. व्हासिलला ऐकवली, तो झोपला. गायीला ऐकवली, तिने निदान रवंथ करत शेवटपर्यंत ऐकून घेतली. प्रभू, जास्त मागत नाही. एकच जीव दे.

१८ एप्रिल, सोमवार

पहिल्याच जेवणाला तोंडघशी पडले. मोठं पातेलंभर बोर्श्ट केला, प्रत्येक वाडग्यात वरून आंबट सायीचा सढळ चमचा घातला, आणि अकरा वाडगे जसेच्या तसे परत आले. ऑर्थोडॉक्स लोकांचा हा ईस्टरआधीचा उपासाचा आठवडा. दूध, लोणी, मांस सगळं वर्ज्य. आम्ही बाप्टिस्ट उपास पाळत नाही, त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या आळीतल्या शेजारणी जन्मभर पाळताना पाहिल्यात, तरीसुद्धा.

वाडगा परत द्यायला एक उंच, हाडकुळी बाई आली. साठी उलटलेली असावी, केस घट्ट बांधलेले.

"ही साय तू घातलीस?"

"हो. ताजी आहे, घट्ट आहे."

"दिसतंय. आमचा उपास आहे."

"अगं बाई! द्या, काढून देते."

"आता काय काढतेस, विरघळली ती. पाव आहे का नुसता?" मग वाडग्यात वाकून पाहत म्हणाली, "आणि बीट आधी तेलात परतायचं असतं. हा बोर्श्ट नाही, बीट धुतलेलं पाणी आहे."

मी जरा फणकारले. पण नंतर कळलं की ती तीस वर्षं बिटाच्या साखर कारखान्यात, प्रयोगशाळेत होती. बिटाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालणं माझ्या आवाक्यातलं नाही. नाव उलाना. सुमीकडच्या एका लहान गावातली.

दुपारी ती आपणहून चाकू घेऊन बटाटे सोलायला आली. मला बोलतं करते आणि हसते. "तू अगदी माझ्या पणजीसारखं बोलतेस. यातले निम्मे शब्द तिच्याबरोबर गेले असं वाटलं होतं मला." मला ती आवडली. संधी साधून साक्ष सांगितली. कुठे अडखळले नाही. ती सोलत राहिली, शेवटी म्हणाली, "छान. पाठ केलंस का?"

"हो."

"कळतं. तो मोठा चाकू इकडे दे."

२० एप्रिल, बुधवार

उलाना काल पहाटेच्या गाडीने सुचावाला गेली. जर्मनीत तिची मुलगी आहे, तिच्याकडे जायचे कागद करायचे आहेत. उद्या येईल. आज दुसरा मजला झाडायची पाळी माझी. बारा नंबरच्या खोलीत तिच्या खिडकीत एका माणसाचा फोटो होता, टोपी मागे सारलेली, कशावर तरी हसत असलेला. त्याच्यापुढे पाण्याने काठोकाठ भरलेला पेला आणि पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा. पाव कडक झाला होता, एका कडेला हिरवट बुरशी.

कुणीतरी विसरून गेलं असेल असं मला वाटलं, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. ही वही मी आणि देव दोघेच वाचतो, आणि त्याला आधीच ठाऊक आहे. ते काय आहे हे मला माहीत होतं. माणूस गेला की चाळीस दिवस त्याच्यासाठी पाणी आणि पाव ठेवतात. आत्मा तोवर घराजवळ घोटाळतो, त्याला तहान-भूक लागते, असं मानतात. आमच्या आळीतही ठेवतात. आणि आमच्या प्रार्थनाघरात लहानपणापासून शिकवलंय की ही अंधश्रद्धा.

मी पाणी ओतलं, पेला घासून फळीवर पालथा घातला, पाव कोंबड्यांना टाकला. पेल्याच्या जागी बायबलचा नवा करार ठेवला, निळ्या पुठ्ठ्याचा, छान दिसत होता. वाटलं, चला, आज काहीतरी हातून झालं.

तेओफिलभाऊंना सांगितलं. "चांगलं केलंत, ताबिताताई," म्हणाले. अहवालात घालणार आहेत.

२१ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी पाचला उलाना आली. सव्वापाचला स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात रिकामा पेला.

"कुणी केलं?"

"मी."

"कधी?"

"काल सकाळी."

तिने मनाशी हिशेब मांडला. "म्हणजे दीड दिवस तो तहानलेला राहिला," म्हणाली. "आधीच घर शोधत एवढ्या लांब आलाय."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या बाईला कसं उत्तर द्यायचं ते मला येतं. तिने नळाखाली पेला भरला, टोपलीतून पाव घेतला आणि नवा करार माझ्यापुढे टेबलावर ठेवला. "हे तुझं राहिलं होतं." दारसुद्धा हळू लावून गेली.

तिच्या खोलीतल्या बाईने मला जे सांगायचं ते सांगितलं. फोटोतला माणूस तिचा नवरा मिकोला. एकोणीस मार्चला तळघरात वारला. वर तोफा चालल्या होत्या आणि हृदयाच्या गोळ्या संपल्या होत्या. शेजाऱ्याने आणि उलानाने मिळून त्याला बागेत पुरलं, काळ्या बेरीच्या झुडपांपाशी. धर्मगुरू नाही, घंटा नाही, शवपेटी नाही. त्याच्या बिछान्याच्या चादरीत.

मेलेल्या माणसाला तहान लागत नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे.

२२ एप्रिल, शुक्रवार

उत्तम शुक्रवार, प्रभूला क्रुसावर दिलं तो. काही खाल्लं नाही. उपास म्हणून नव्हे, घशाखाली उतरेना.

व्हासिलचा फोन आला होता. त्याला सगळं सांगितलं.

"मग माफी मागितलीस?"

"कशाची? मी चुकीचं काय शिकवलं?"

"शिकवलंस कुठे, ताबिता? पाव फेकलास."

मी फोन ठेवून दिला. हा माणूस प्रार्थनाघरात पेंगतो आणि मला धर्म सांगतो.

२४ एप्रिल, ईस्टर

तीन दिवस उलाना मी भिंत असल्यासारखी माझ्या शेजारून जात होती. आज मात्र देवाने माझ्या हाती एक कोलीत दिलं आणि मी ते पुरेपूर वापरलं.

ईस्टरला एकाने "ख्रिस्त उठला आहे" म्हटलं की दुसऱ्याने "खरोखर उठला आहे" म्हणायचंच असतं. त्यांच्यातही आणि आमच्यातही. वैरी समोर आला तरी सुटका नाही. ती गावच्या चर्चमधून ईस्टरच्या खाण्याच्या टोपलीला आशीर्वाद घेऊन परत आली, तेव्हा मी जिन्यात वाट अडवून उभी.

"ख्रिस्त उठला आहे, उलानाताई!"

तिने खिडकीकडे तोंड केलं. "खरोखर उठला आहे."

अर्ध्या तासाने पाण्याची बादली घेऊन मुद्दाम तिच्या मजल्यावर गेले. पुन्हा तेच. बिचारी पुन्हा म्हणाली. जेवणाच्या टेबलावर तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिने चमचा खाली ठेवला. "पुरे आता, बाई! कळलं उठलाय ते." आणि तिच्या ओठाची एक कड हलली.

तेवढ्यावर मी तिच्या शेजारी बसकण मारली आणि सुचलं तसं बोलून टाकलं. "तो पेला कशाचा होता हे मला माहीत होतं. माहीत असून काढला मी. माफ कर."

"तुला माहीत होतं हे मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "नाहीतर राग कशाचा येणार होता?"

मग टोपलीतून एक लाल अंडं माझ्या हातात दिलं, एक स्वतः घेतलं आणि टक्कर दिली. माझं फुटलं. म्हणाली, बरं झालं. जीव भांड्यात पडला माझा. साक्षबिक्ष काही सांगितली नाही, विसरूनच गेले.

२५ एप्रिल, सोमवार

परवा बुधवारी मिकोलाचा चाळिसावा. गुरुवारी सकाळी दहाला उलानाची जर्मनीची बस. म्हणून गावच्या धर्मगुरूंकडे चाळिसाव्याची प्रार्थना ठरवायला गेलो. त्यांना युक्रेनी येत नाही, उलानाला रुमानियन येत नाही, तेव्हा मध्ये मी.

धर्मगुरू भला माणूस आहे. तीन गावं सांभाळतो, ईस्टरच्या जागरणांनी डोळे लाल. म्हणाला, "आई, या आठवड्यात मृतांची प्रार्थना होत नाही. पुनरुत्थानाचा आठवडा, सगळीकडे आनंद करायचा. पुढच्या मंगळवारी या, मी स्वतः करतो."

"पुढच्या मंगळवारी ती जर्मनीत असेल, फादर."

"मग तिथे करून घ्या. नियम माझा नाही."

"पण चाळिसावा परवाच आहे! तो काय हिच्यासाठी मंगळवारपर्यंत थांबणार आहे?"

हे वाक्य तोंडातून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. मी, तिसऱ्या पिढीतली बाप्टिस्ट, ऑर्थोडॉक्स धर्मगुरूच्या अंगणात उभी राहून मेलेल्या माणसाच्या प्रार्थनेसाठी हुज्जत घालत होते. हे व्हासिलला सांगायचं नाही. धर्मगुरूंनी एक मेणबत्ती दिली आणि दारापर्यंत पोचवायला आले.

परत येताना उलाना पुलापाशी थांबली.

"तुम्ही लोक पुस्तकाशिवाय प्रार्थना करता ना? डोळे मिटले की सुरू."

"हो."

"मग बुधवारी तूच कर."

"आम्ही मृतांसाठी काही मागत नाही, उलानाताई."

"का?"

"कारण त्यांचं तोवर ठरलेलं असतं. जिवंतपणीच ठरतं."

"काय ठरतं?" ती माझ्याकडे वळली. "माझा मिकोला वर्षातून एकदा चर्चला जायचा, ईस्टरला टोपली घेऊन, आणि मी आत असेपर्यंत फाटकाबाहेर सिगरेट ओढत उभा राहायचा. तुमच्या मते त्याचं काय ठरलं?"

मी म्हटलं, देव दयाळू आहे.

"ते आमचे फादरही सांगतात. मी तुला विचारलं."

आम्हाला जे शिकवलंय त्याप्रमाणे उत्तर एकच होतं आणि ते त्या तोंडाकडे बघून माझ्याच्याने सांगवलं नाही. भित्री आहे मी. पाच मिनिटांच्या साक्षीत या प्रश्नाला जागाच ठेवलेली नाही.

ती म्हणाली, "चाळिसाव्या दिवशी त्याला वर देवापुढे उभं करतात. तेव्हा खाली कुणीतरी त्याच्या बाजूने बोलायला लागतं. मी स्वतः बोलले असते. पण तोंड उघडलं की रडू येतं आणि शब्द फुटत नाही. अजून एकदाही जमलं नाहीये." मग हात झटकून चालू लागली. "जाऊ दे. मी पाया पडणार नाही तुझ्या."

२६ एप्रिल, मंगळवार

सकाळी तेओफिलभाऊंना विचारलं. ते चिडले नाहीत. बराच विचार केला, चहा गार होऊ दिला. म्हणाले, "देवाचे आभार मानायला हरकत नाही, ताई. त्या माणसाचं आयुष्य दिलं म्हणून आभार मानू शकता. बाईंसाठी सांत्वन मागा, लेकीसाठी मागा. पण मृतासाठी मागायचं नाही. ही रेघ तुम्हाला माझ्या आधीपासून माहीत आहे."

खरंच माहीत आहे. आनंदाने तिच्याकडे गेले, म्हटलं करते. कुठवर करेन तेही सांगितलं. "आभार मान तर आभार," ती म्हणाली. "काही नसण्यापेक्षा बरं."

दुपारभर कोलिवोचं, म्हणजे मृताच्या नावाने खायच्या गोड गव्हाचं काम. गहू उकडायचे, फडक्यावर पसरून कोरडे करायचे, मग मध आणि अक्रोड. आयुष्यात केलं नव्हतं, आमच्याकडे हे शिवतही नाहीत. मी गहू लवकर उतरवले म्हणून बोलणी खाल्ली.

गहू सुकेपर्यंत तिने मिकोला सांगितला. मीच म्हटलं, आभार मानायचे तर कशाकशाचे मानू ते सांग. एकतीस वर्षं बिटाचा ट्रक चालवला. टरबुजाला मीठ लावून खायचा. बदकांना भ्यायचा, एवढा धिप्पाड माणूस. शिट्टी बेसूर, पण थांबायचा नाही. शेजाऱ्यांची कुलपं फुकट दुरुस्त करायचा आणि स्वतःच्या शेडला दोरी बांधलेली. सख्ख्या भावाशी कुंपणावरून भांडला आणि बारा वर्षं बोलला नाही. "हे पण सांगू का देवाला?" मी विचारलं. "सांग," ती म्हणाली, "त्याला काय माहीत नाही?"

मग तिने विचारलं, "तुझं कोण गेलंय?"

"आई. मागल्याच्या मागल्या डिसेंबरात. त्या साथीत."

"माणसं किती आली?"

"चार. पिशवीत बांधून दिली होती, उघडू दिली नाही. गाणीही म्हणू दिली नाहीत. पण ती प्रभूपाशी आहे, तेव्हा त्याचं काही नाही."

उलाना म्हणाली, "हं." आणि गव्हावरून हात फिरवत राहिली. नंतर मी अक्रोड फोडायला घेतले, कारण काहीतरी फोडायला बरं वाटत होतं.

२७ एप्रिल, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहिते. आज काही खोडायचं नाही.

अकरा वाजता बारा नंबरच्या खोलीत. उलाना, तिच्या खोलीतल्या दोघी आणि मी. स्टुलावर कोलिवोचं भांडं, त्यात धर्मगुरूंची मेणबत्ती खोचलेली, खिडकीत फोटो आणि पेला. त्या तिघी उभ्या, डोक्याला रुमाल. मीही बांधला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी डोळे मिटले आणि सुरू केलं. आधी शब्द प्रार्थनाघरातले आले, मोठेमोठे. मग मिकोलाच आला. प्रभू, तू मिकोलाला एकतीस वर्षं ट्रकवर सांभाळलंस, धुक्यात, बर्फात, त्याबद्दल आभार. शेजाऱ्यांच्या कुलपांबद्दल आभार. त्याच्या शिट्टीबद्दल आभार, ती तुला ऐकवत असो वा नसो. कुणीतरी फस्सकन हसलं, बहुतेक उलानाच. त्याला बदकांची भीती घातलीस त्याबद्दलही आभार, नाहीतर हा माणूस कुणालाच भ्याला नसता. भावाशी तो वाईट वागला, तेही तुझ्यापुढे ठेवते. त्याला बागेत पुरायला बळ दिलंस त्याबद्दल आभार. चादर होती त्याबद्दल. थांबले की तिघी छातीवर क्रुसाची खूण करत "प्रभू, दया कर" म्हणायच्या. मग उलानासाठी मागितलं, तिच्या लेकीसाठी मागितलं, प्रवासासाठी. रेघेपर्यंत पोचले आणि थांबले. आमेन म्हणायचं बाकी होतं.

उलानाने माझं मनगट धरलं. "आता माग."

मी नाही म्हणून मान हलवली.

"ताबिता, तो तिथे उभा आहे. आता. माग ना गं."

मला पन्नास वर्षांचं सगळं शिक्षण आठवलं, तेओफिलभाऊंचा गार चहा आठवला, आणि हेही कळत होतं की मी म्हटलं नाही तर या जगात दुसरं कुणी म्हणणार नाही. तिला तर शब्दच फुटत नाहीत.

मी म्हटलं, "प्रभू, त्याला आत घे. फाटकाबाहेर सिगरेट ओढत उभा असेल तर तूच बाहेर जा आणि बोलाव. तो आपणहून यायचा नाही. लाजतो."

तेव्हा उलाना मोठ्याने रडली. तळघरापासूनचं सगळं असावं. मी आमेन म्हटलं की नाही ते आठवत नाही. तिला धरून बसले, माझाही धीर सुटला होता.

नंतर सगळ्यांनी तीन तीन चमचे कोलिवो खाल्लं. मीही खाल्लं. गहू जरा कचरट राहिलेत. शेवटी पाणी बाहेर झाडाच्या मुळाशी ओततात, आता त्याला लागत नाही म्हणून. तिने पेला माझ्या हातात दिला. "तू ओत. तुला सवय आहे." आम्ही दोघी जिन्यात बसून हसलो, नाकं पुसत.

२८ एप्रिल, गुरुवार

दहाची बस पावणेअकराला आली. उलानाने दोन वेळा पिशवी तपासली, तीन वेळा मला बीट परतायची आठवण केली. मिठी मारली आणि म्हणाली, "देव तुला सांभाळो, माझी पणजी." बस वळेपर्यंत हात हलवत होते. पाय निघेना.

मग सरळ तेओफिलभाऊंकडे गेले. ते अहवाल भरत बसले होते. साक्ष किती जणांना दिली, किती जणांनी स्वीकारलं. माझ्या नावापुढे दुसऱ्या रकान्यात शून्य.

"मी मागितलं," मी म्हटलं. "त्याच्यासाठी. चुकून नाही, कळून मागितलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "ताई, मला हे वडीलजनांना सांगावं लागेल."

"सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगणार आहे."

"निदान पश्चात्ताप झालाय असं लिहू का?"

"अजून नाही झाला," मी म्हटलं. "झाला की कळवते."

८ मे, रविवार

घरी. वडीलजनांनी मंगळवारी बोलावलं होतं. तासभर बसले. रागावलं कुणी नाही, त्यानेच जास्त वाईट वाटलं. ठरलं ते असं की ऑगस्टपर्यंत मला प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर काय कराल, असं शेवटी विचारलं. मी म्हटलं, गहू जास्त शिजवीन. कुणी हसलं नाही.

आज मंडळीत भाकरीचं ताट आलं, माझ्या हातावरून पुढे गेलं. वयाच्या तेराव्या वर्षापासून पहिल्यांदा. समोरच्या बाकावरच्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मानांवरून कळतं. मला रडू येत होतं आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मग द्राक्षरसाचा प्याला आला, व्हासिलनेही तो न घेता पुढे दिला.

"तुला काय झालं?" मी हळूच विचारलं.

"दात दुखतोय."

द्राक्षरसाला दात कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. त्याचा हात धरून बसले. हा माणूस आज जागा होता.

घरी येऊन पडले होते, मन फार उदास होतं. खरंच चुकले असेन तर? देवाच्या दाराशी जाऊन, माझं काम नसताना, आगाऊपणा केला असेन तर? तिकडे तो एक जीवही मिळाला नाही आणि इकडे स्वतःची जागा घालवून बसले, असं येत होतं मनात. तेवढ्यात फोन वाजला. उलाना. जर्मनीतून.

मुलगी बरी आहे, घर लहान आहे, बीट तिथे शिजवून पाकिटात विकतात, लाज नाही लोकांना. मग म्हणाली, मंगळवारी तिथल्या आपल्या चर्चमध्ये मिकोलाची प्रार्थना झाली. धर्मगुरू, गायक, धूप, सगळं पुस्तकाप्रमाणे.

मला टोचलं. का ते सांगता येत नाही, पण टोचलं. "बरं झालं," मी म्हटलं. "म्हणजे आता नीट झालं एकदाचं." माझा आवाज मलाच आवडला नाही.

"नीट झालं," ती म्हणाली. "फादरनी नावांची यादी वाचली. यंदा नावं फार, तासभर उभे होतो आम्ही. माझा मिकोला कधी येतो म्हणून कान लावून होते, तर मिकोलाच मिकोला! एकोणीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं. म्हटलं, अरे देवा, एवढ्यांतला माझा कोणता, हे तुला कसं कळायचं?"

ती थांबली. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता.

"आणि मग आठवलं, ताबिता. ते तर तू त्याला आधीच सांगून ठेवलंयस."